आज पाणी किती?

सकाळी उठून कुणी हवामान बघतं, कुणी शेअर बाजार. मी क्युसेक बघते, म्हणजे नदीत सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय ते. चहाला उकळी येईपर्यंत फोनवर इथल्या, कोलोरॅडोतल्या चीझमन धरणाखालचा आलेख उघडायचा, कालचा आकडा, आजचा आकडा, मधे कुठे पायरी चढलीय का उतरलीय ते पाहायचं. नवरा म्हणतो, "इतक्या मायेनं माझं बीपी कधी बघितलं नाहीस." त्याचं बीपी गेली दहा वर्षं जागचं हललेलं नाही. त्यात बघायचं काय?

मी मूळची चिपळूणची, त्यामुळे ही खोड अंगातच आहे. जून लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नसतो. कोळकेवाडी धरणातून किती सोडलंय, भरती किती वाजता, बाजारपुलाशी पाणी कुठवर आलंय. वाशिष्ठी तीन गोष्टींनी चढते: पाऊस, भरती आणि अवजल. बाहेरच्यांना हा तिसरा शब्द समजावून सांगावा लागतो. कोयनेचं पाणी मुळात पूर्वेला, कृष्णेकडे जाणारं. त्यातलं बरंचसं बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून कोकणात खाली सोडतात, त्यावर वीज करतात, आणि वीज करून उरलेलं ते अवजल आमच्या वाशिष्ठीत येतं. म्हणून भर मे महिन्यात बाकीच्या नद्या गोटे उघडे टाकून पडलेल्या असताना आमची नदी वाहती असते. आणि म्हणूनच आई सांगायची, आभाळ निरभ्र असलं तरी पात्रात फार आत जाऊ नकोस.

२००९ साली डेन्व्हरला आले तेव्हा इथे नेमका याचा उलटा प्रकार पाहून हसू आलं. डोंगरापलीकडे पश्चिमेला जाणारं पाणी डिलनच्या तलावात अडवायचं आणि २३ मैल लांबीच्या बोगद्यातून पूर्वेला, साउथ प्लॅट नदीच्या उत्तरेकडच्या फाट्यात आणून सोडायचं. शहराच्या तहानेसाठी त्या बोगद्यातून किती घ्यायचं आणि दुसऱ्या फाट्यावरच्या चीझमनमधून किती, याचा हिशेब पाणीवाले करतात. त्या हिशेबावर माझा मासेमारीचा शनिवार अवलंबून असतो.

चीझमन धरण १९०५ चं, दगडी, अरुंद घळीत बसवलेलं. त्याच्या खाली काही मैल खोल कॅन्यन, आणि कॅन्यन संपल्यावर पुढे डेकर्स नावाची चिमुकली वस्ती. माझ्या घरापासून गाडीने सव्वा तास. धरणाच्या तळाचं थंड पाणी बाहेर येतं म्हणून इथे ट्राउट बारा महिने तगून राहतात: ब्राउन आणि रेनबो. कॅन्यनमध्ये पकडलेला प्रत्येक मासा परत सोडायचा असा नियम आहे. हे मी आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग म्हणाली, "मग जातेस कशाला एवढ्या लांब?"

ज्यांनी फ्लाय फिशिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गळाला गांडूळ नाही, कोळंबी नाही. गळावरच दोरा, पिसं, तार गुंडाळून बनवलेला खोटा किडा असतो, त्याला फ्लाय म्हणायचं. काही फ्लाय पाण्यावर तरंगतात. पण ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखाली, तळाशी चालतं. म्हणून मी बहुतेक वेळा दोऱ्याला दोन बुडणाऱ्या फ्लाय, त्यांच्या वर वजनाचे बारीक मणी, आणि सगळ्यात वर लोकरीचा एक लहान गोंडा लावते. गोंडा तरंगतो. तो थबकला, की खाली काहीतरी झालं.

पहिली चार वर्षं माझा सगळा जीव फ्लायच्या डबीत होता. सायझेस, रंग, नावं. साडीच्या दुकानात बसल्यासारखी मी डबी उघडून बसायची. २०१३ च्या एप्रिलमधला एक दिवस मात्र लक्षात राहिला. आदल्या शनिवारी ९० क्युसेकला एका जागी पाच मासे लागले होते. आठवड्याभरात आकडा २६० झाला. मी तीच जागा, तोच दोरा, तीच फ्लाय घेऊन उभी. काही नाही. फ्लाय बदलली. काही नाही. तीन तासांत अकरा फ्लाय बदलल्या, मोजल्यात मी. आमच्या कॉलनीतले एक आजोबा माझ्याबरोबर येतात, निवृत्त प्लंबर, ऐंशीला टेकलेले. ते मागे खडकावर बसून शांतपणे सँडविच खात होते. सँडविच संपल्यावर उठले, माझ्या डबीकडे बघितलंसुद्धा नाही, दोरा हातात घेतला, एक मणी पकडीने दाबून बसवला. पाणी बघितलं. अजून एक बसवला. मग गोंडा वीतभर वर सरकवला.

"फ्लाय कुठली लावू?" मी विचारलं.

"आहे तीच."

तिसऱ्या खेपेला गोंडा थांबला. चौदा इंची ब्राउन, पोटाला पिवळाधमक. अकराव्या फ्लायवर. माझा ठाम विश्वास आहे की पहिलीवरसुद्धा लागला असता.

परतताना गाडीत त्यांनी जे सांगितलं ते प्लंबरच्या भाषेत होतं. पाइपच्या मधोमध पाणी जोरात जातं आणि भिंतीला लागून हळू. नदीचंही तसंच: वरचं पाणी पळतं, तळालगतचं दगडगोट्यांत अडखळत चालतं. मासा त्या अडखळत्या पाण्यात बसतो, कारण तिथे पोहायला कष्ट नाहीत आणि खाणं आपोआप नाकावरून जातं. आकडा वाढला की वरचं पाणी माझ्या फ्लायला ओढत नेतं, ती तळाला पोचतच नाही. मासा खाली, माझी फ्लाय हातभर वरून पळतेय. मग ती सोन्याची असली तरी काय उपयोग?

त्यावर एक खूण आहे. गोंड्याशेजारचे फेसाचे बुडबुडे बघायचे. गोंडा बुडबुड्यांच्या वेगानेच चालला असेल तर फ्लाय अजून वरच्या पाण्यात आहे. बुडबुडे किंचित पुढे निघून गेले आणि गोंडा मागे रेंगाळला, तर समजायचं की फ्लाय तळाच्या संथ पाण्यात पोचली. चार-पाच खेपांत एकदा दगडाला टिचकी लागली पाहिजे. दर खेपेला लागत असेल तर वजन जास्त झालं, एक मणी काढ. गोंड्यापासून मण्यांपर्यंतचं अंतर पाण्याच्या खोलीच्या दीडपट, हे सुरुवातीचं माप. नंतर तिथल्या तिथे मागेपुढे.

त्या दिवसापासून वही घातली. रकाने: आकडा, रंग, तापमान, कुठे उभी होते, मणी किती, दोरा किती जाडीचा. फ्लायचा रकाना अगदी शेवटी, आणि पुष्कळ पानांवर तो रिकामाच राहिलाय.

जानेवारीत गोष्ट उलटी. आकडा ७०-८० वर येतो, पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा मोजावा. मासा आपल्याला आधी बघतो. या दिवसांत मी अक्षरशः गुडघ्यांवर रांगत जाते, काठापासून दोन वाव मागे थांबते. दोरा लांब, बारा फुटांपर्यंत, टोकाला केसासारखा. फ्लाय २२ किंवा २४ नंबरची. नंबर वाढतो तसा गळ लहान होत जातो, हे उलटं गणित डोक्यात बसायला मला वर्ष लागलं. २४ नंबरची फ्लाय म्हणजे जिऱ्याचा दाणा. याच नदीवर १९७० च्या दशकात रिम चंग नावाच्या गृहस्थांनी आरएस-टू ही फ्लाय बांधली. करडा दोरा, मागे दोन केस, पंखाच्या जागी चिमूटभर पीस, बस्स. थंडीत माझ्या दोऱ्याला बहुतेक वेळा तीच असते. तीन-चार अंश सेल्सिअसच्या पाण्यात मासा सुस्त होऊन खोल, संथ डोहात बसलेला असतो, आणि खाण्यासाठी वीतभरही बाजूला सरकत नाही. त्याच्या तोंडाशी नेऊन द्यावं लागतं. तेव्हा मणी एकच, तोही सगळ्यात बारीक, कारण "टुप्" आवाज झाला की संपलं. गळाच्या काठीच्या कड्यांत बर्फ धरतो. काठीचं टोक पाण्यात बुडवलं की तो सुटतो. हवेपेक्षा नदी गरम, असले दिवस.

आता फजितीची गोष्ट. ही सांगायला मला अजून लाज वाटते, कारण चिपळूणच्या पोरीने करू नये ती चूक मी केली.

आमचे भाऊकाका, बाबांचे चुलत भाऊ, वाशिष्ठीवर गरी घेऊन बसायचे. बसायच्या आधी एक काडी पाण्याच्या कडेला बरोबर रेघेवर खोचायची, हा त्यांचा नेम. मग मधून मधून काडीकडे नजर. काडी पाण्यात गेली की पाणी चढतंय. इतकं सोपं. मला त्यांनी हे आठव्या वर्षी शिकवलंय.

तर जूनच्या शेवटी, डेकर्सच्या खाली, सकाळी १४० क्युसेक. एका काठाने रस्ता जातो, तिथे गर्दी. मी मांड्यांपर्यंतच्या पाण्यातून पलीकडे गेले. काडी खोचली नाही. साडेअकराच्या सुमारास मासे एकदम बंद झाले. मी फ्लाय बदलायला घेतली (जित्याची खोड), तेवढ्यात दिसलं की पाण्यावरून पाइनच्या सुया वाहत येतायत, सुक्या काड्या, कुठला कुठला पाचोळा. पाणी नुकतंच वर चढून काठ झाडून घेऊन निघालं होतं. मला तेव्हाच परतायला हवं होतं.

परतले नाही, कारण त्याच क्षणी काठाच्या गवताशी, गुडघाभरसुद्धा नसलेल्या पाण्यात, एक शेपूट हललं.

आमच्याकडे पहिल्या पावसाला चढणीचे मासे येतात. नदीला लाल पाणी आलं की मासा मधली ओढ सोडून काठाला लागतो, वहाळांतून, पाटांतून थेट भातखाचरांत शिरतो. रात्री बत्त्या घेऊन माणसं शेतात मासे धरतात. ते अंडी घालायला चढतात, इथले ट्राउट काठाला येतात ते त्यासाठी नाही. पण मधल्या जोरापासून सुटका पाहिजे हे दोघांचंही सारखंच, आणि वाढत्या पाण्यात ती सुटका काठालाच मिळते. शिवाय चढतं पाणी काठची माती उकरतं, तिच्यातली गांडुळं, अळ्या वाहून येतात. मी डबीतून सॅन वॉन वर्म काढली. लाल मखमली दोऱ्याचा एक तुकडा गळावर बांधलेला, बाकी काही नाही. जातिवंत फ्लायवाले तिला नाकं मुरडतात. भाऊकाकांना फोटो पाठवला होता तेव्हा त्यांचं उत्तर आलं, "शेवटी गांडूळच ना?"

चाळीस मिनिटांत चार मासे, सगळे काठापासून हातभर अंतरात, एकही मधल्या प्रवाहात नाही. दोरा जाड लावला होता, गढुळल्या पाण्यात त्याला दिसत नाही आणि मलाही मासा लवकर आणता येतो. मी इतकी खूश की खडकावर ठेवलेल्या पिशवीचा पट्टा भिजलेला बघेपर्यंत काही सुचलं नाही.

परत ओलांडायला गेले. चार पावलांत पाणी कमरेशी. टाचांखालची वाळू सरकायला लागली, उभ्या जागी आपण खाली चाललोय असं वाटतं ना, तसं. काठी आधाराला टेकवली तर ती थरथरतेय. मागे फिरले. पलीकडे रस्त्यावर माझी गाडी, गाडीत डबा, डब्यात थालीपीठ. आणि मी, बावीस-तेविसाव्या वर्षी नाही, चांगली सेहेचाळिसाव्या वर्षी, विलोच्या झुडपांतून, रबरी पँट घालून, भर उन्हात डेकर्सच्या पुलापर्यंत वर चालत गेले आणि रस्त्याने परत खाली आले. गाडीशी पोचल्यावर रेंज असलेल्या जागी जाऊन आकडा बघितला: २९०.

आता काडी खोचते. लोक विचारतात, कसला विधी आहे का हा? मी हो म्हणते.

गढूळ पाण्याबद्दल इथलं एक वेगळं प्रकरण आहे. जून २००२ मध्ये या भागात हेमन वणवा पेटला, एक लाख अडतीस हजार एकर गेलं. इथला ग्रॅनाइट भुसभुशीत, चिमटीत चुरा होणारा. त्याला धरून ठेवणारी झाडं गेली, आणि पुढे दर वळवाच्या पावसाला वाळू आणि राख नदीत उतरत राहिली. कितीतरी डोह वाळूने भरून गेले म्हणून जुने लोक अजून हळहळतात. आजोबा एका सपाट, घोट्याएवढ्या पाण्याच्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणतात, इथे मी बुडालो असतो. आजही जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग फुटला की हॉर्स क्रीक कोकोसारखं पाणी घेऊन डेकर्सलाच साउथ प्लॅटला मिळते आणि खालची सगळी नदी तासाभरात बदलून जाते. तेव्हा युक्ती फार नाही: गाडी काढायची आणि हॉर्स क्रीकच्या वर जायचं, तिथे पाणी अजून स्वच्छ असू शकतं. खालीच अडकलात तर घोट्यापर्यंत उतरून बघावं. आपले बूट अंधुक दिसत असतील तर काळी, ठसठशीत फ्लाय काठालगत हळू ओढून बघायला हरकत नाही. गढूळ पाण्यात काळ्याची बाह्याकृती उठून दिसते. बूट दिसतच नसतील तर डेकर्सला कॉफी मिळते.

बर्फ वितळण्याच्या दिवसांत, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, धरण नसलेल्या नद्या नुसत्या धावतात. त्यांच्यावर मी जात नाही. धाडसाची हौस फिटलीय.

राहिली उष्णता. धरणाखाली तिचा त्रास कमी, म्हणून मीही बरीच वर्षं थर्मामीटर नुसताच बाळगत होते. २०२१ च्या जुलैच्या पहिल्या शनिवारी क्रेमलिंगच्या खाली, कोलोरॅडो नदीवर पंपहाउस नावाच्या जागी गेलो होतो. सकाळी सहाला पाणी ६४ फॅरनहाइट, म्हणजे अठरा अंशांच्या आतबाहेर. दोन मासे लागले, दोन्ही झटकन सोडले. दुपारी दोनला सहज थर्मामीटर टाकला तर ७०. ट्राउटला ६८ च्या, म्हणजे वीस अंशांच्या वर जीव जड होतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि त्याची गरज मात्र वाढलेली. असा मासा झुंजतो, हातातून सुटतो, शेपूट मारून दिसेनासा होतो, आपण समाधानाने बघतो, आणि तो खाली कुठेतरी जाऊन मरतो. आम्ही काठ्या सोडून ठेवल्या. पुढच्याच आठवड्यात सरकारी आवाहन आलं की या पट्ट्यात कृपया मासेमारी करू नका. नदीत पाणीच उरलं नव्हतं.

मग त्याच महिन्याची २२ तारीख. चिपळूण. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी इथे रात्रभर फोन लावत होते आणि तिकडे कुणाचाच लागत नव्हता. ग्रुपवर शेवटचा मेसेज पहाटेचा होता, चुलत बहिणीचा, "पायरीवर आलं". मला माझ्या आलेखांची, वहीची, मण्यांची शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी भाऊकाकांचा फोन लागला. सगळे वरच्या मजल्यावर होते म्हणून बचावले. खालची भांडी, धान्य, कपाट, सगळं गेलं. माळ्यावर टाकलेल्या गऱ्या तेवढ्या राहिल्या, म्हणाले. मला बोलायला सुचेना. तेव्हा त्यांनीच विचारलं, "तुझ्याकडे पाणी किती?"

"काका, इथे नद्या आटल्यात. मासे धरू नका म्हणून सांगितलंय."

"हवं तर अर्धं पाठवतो," ते म्हणाले. मागे कुणीतरी फावड्याने चिखल ओढत होतं, त्याचा आवाज येत राहिला.